रॅम शिल्लक असूनही कर्नल का कोसळतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या टपालात बहुतेकांची तक्रार एकच: "रॅम भरपूर आहे, तरी मशीन बसतं." तक्रार खरी आहे. यातली बरीच प्रकरणं रॅम संपल्याची नसतात, कुठेतरी आखून ठेवलेली रेघ ओलांडल्याची असतात. ती रेघ कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) असेल, तुम्हीच पूर्वी केलेल्या सेटिंगची असेल किंवा जुन्या ३२ बिटी रचनेची असेल. ती सापडली की दुरुस्ती सहसा दोन ओळींची निघते. मात्र पॅनिकच्या (कर्नल कोसळताना छापतो त्या संदेशाच्या) शेवटच्या ओळीत ती क्वचितच दिसते. तिच्या वरच्या पन्नास-साठ ओळी वाचाव्या लागतात, आणि फोटो पाठवताना वाचक नेमक्या त्याच कापून टाकतात.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना मूळ इंग्रजी अक्षरांत करावीत. कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या एस-वाय-एस-सी-टी-एल या आज्ञेला आम्ही 'सिसकंट्रोल' म्हटलं आहे.

प्रश्न (पुणे) : आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या व्हीएमची (व्हर्च्युअल मशीनची) रॅम ३२ जीबीवरून १६ जीबी केली. त्यानंतर लिनक्स बूट होता होताच 'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: सिस्टिम इज डेडलॉक्ड ऑन मेमरी' असं येऊन थांबतो. डेटाबेस अजून सुरूही झालेला नसतो. मग १६ जीबी खाल्ली कुणी? वरच्या ओळींत 'ह्यूजपेजेस_टोटल=७८००, ह्यूजपेजेस_फ्री=७८००' असं काहीतरी आहे.

उत्तर : 'असं काहीतरी' म्हणून तुम्ही जी ओळ शेवटी टाकलीत, तिच्यातच उत्तर आहे.

आधी पॅनिकचा अर्थ बघू. मेमरी संपली की कर्नल एखादी प्रोसेस मारून जागा करतो. हे काम करणाऱ्या भागाला ओओएम किलर म्हणतात. 'डेडलॉक्ड ऑन मेमरी' म्हणजे मारण्याजोगी प्रोसेसच उरली नाही. पहिल्या क्रमांकाची प्रोसेस, म्हणजे इनिट किंवा सिस्टिमडी, तो मारत नाही, आणि बाकीच्या एक तर सुरूच झालेल्या नव्हत्या किंवा मारून झाल्या होत्या. म्हणजे मेमरी प्रोसेसकडे नव्हतीच.

ती होती ह्यूजपेजकडे, म्हणजे आधीच राखून ठेवलेल्या, मेमरीच्या मोठ्या पानांकडे. एक ह्यूजपेज २ एमबीचं. ७८०० गुणिले २ म्हणजे १५,६०० एमबी. १६ जीबी म्हणजे १६,३८४ एमबी, आणि त्यातला काही भाग कर्नल स्वतःसाठी आधीच धरतो. राहिलेल्या चारदोनशे एमबीत अख्खी सिस्टिम उभी राहायची होती. 'फ्री=७८००' याचा अर्थ एवढाच की राखलेली पानं अजून कुणी वापरलेली नाहीत. ती बाकीच्यांसाठी मोकळी नसतात. ह्यूजपेज स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जात नाही, अडचणीच्या वेळी परत घेता येत नाही आणि टॉपमध्ये (चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत) कुठल्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांसाठी दोरी बांधून ठेवलेल्या खुर्च्या असतात ना, तसंच: रिकाम्या दिसतात, पण बसता येत नाही.

आमचा अंदाज असा: ३२ जीबीच्या काळात कुणीतरी 'व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस' (राखायच्या ह्यूजपेजची संख्या) ८१९२ ठेवलं असणार, म्हणजे अर्धी रॅम, १६ जीबी. रॅम निम्मी झाली, आकडा तसाच राहिला. एवढी पानं मिळाली नाहीत तर कर्नल तक्रार करत नाही, मिळतील तेवढी उचलतो. म्हणून ८१९२ ऐवजी ७८०० दिसतात.

दुरुस्तीचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे व्हीएमला तात्पुरती ३२ जीबी परत द्या, बूट करा, आकडा बदला, मग रॅम उतरवा. ते शक्य नसेल तर ग्रबच्या (बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या लोडरच्या) मेनूवर 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. याच ओळीत 'ह्यूजपेजेस=' आधीपासून लिहिलेलं दिसलं तर चोर तिथेच सापडला. तेवढं खोडून बूट करा आणि नंतर ग्रबच्या कायमच्या सेटिंगमधूनही काढा. तसं नसेल तर मिळालेल्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर) मूळ फाइल-सिस्टिम बहुधा फक्त वाचण्यापुरती माउंट झालेली असते. 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' करून ती लिहिण्याजोगी करा. मग ईटीसीमधली सिसकंट्रोल.कॉन्फ आणि सिसकंट्रोल.डी फोल्डर यांत ग्रेपने 'ह्यूजपेजेस' शोधा, आकडा दुरुस्त करा, 'सिंक' द्या आणि 'रीबूट -एफ'. एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा-व्यवस्था) चालू असलेल्या मशीनवर रीबूटआधी 'टच /.ऑटोरीलेबल' करायला विसरू नका, नाहीतर बदललेल्या फाइलीचं लेबल बिघडून वेगळीच डोकेदुखी सुरू होते.

अजून एक खाच. ड्रॅकट वापरणाऱ्या डिस्ट्रिब्यूशनमध्ये (रेड हॅट आणि त्याच्या नात्यातल्या) सिसकंट्रोलच्या फाइलींची प्रत इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उतरणाऱ्या छोट्या फाइल-सिस्टिममध्येही) गेलेली असू शकते. डिस्कवर आकडा बदलूनही बूटला तोच पॅनिक आला तर कारण हेच. मशीन सुरू झाल्यावर 'ड्रॅकट -एफ' चालवून इनिटरॅमएफएस नव्याने बांधा. शेल मिळण्याआधीच पॅनिक येत असेल तर रॅम तात्पुरती वाढवण्याचाच मार्ग धरा.

नवा आकडा किती ठेवायचा? शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची सामाईक कॅश) ४ जीबी असेल तर नुसत्या त्यालाच २०४८ पानं लागतात, आणि पोस्टग्रेसच्या बाकीच्या सामाईक मेमरीसाठी वर थोडी. अंदाज बांधायची गरज नाही. पोस्टग्रेस १५पासून सर्व्हर बंद असताना 'पोस्टग्रेस -सी शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस' (डेटा फोल्डरच्या पत्त्यासह) चालवलं की नेमका आकडा छापून येतो. आणि पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा: आधी ह्यूजपेज कमी करायची, मग रॅम.

प्रश्न (नाशिक) : सर्व्हर आठवड्यातून एकदा रात्री आपोआप रीबूट होतो. कन्सोलवर 'आउट ऑफ मेमरी: सिस्टिम-वाइड पॅनिक_ऑन_ओओएम इज एनेबल्ड' असं सापडलं. ओओएमच्या तक्त्यात सगळ्यात मोठी प्रोसेस जेमतेम अडीच जीबीची आहे आणि रॅम १६ जीबी. मग मेमरी संपते कशी?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रीबूट होतो कारण 'व्हीएम.पॅनिक_ऑन_ओओएम' कुणीतरी १ केलं आहे. मुळात ते ० असतं, म्हणजे कर्नल एक प्रोसेस मारतो आणि पुढे चालतो. १ असेल तर मारण्याऐवजी पॅनिक होतो. मेमरीची टंचाई ठरावीक नोडपुरतीच (मशीनमधल्या मेमरीच्या एका गटापुरतीच) असेल तर मात्र १ असतानाही प्रोसेसच मारली जाते. २ असेल तर काहीही झालं तरी पॅनिक, आणि तेव्हा संदेशात 'सिस्टिम-वाइड'च्या जागी 'कंपल्सरी' शब्द येतो. पॅनिकनंतर किती सेकंदांनी रीबूट व्हायचं ते 'कर्नल.पॅनिक' ठरवतो. तो ० असेल तर मशीन तसंच थिजून राहतं. ही सेटिंग वेडेपणाची नाही. दोन मशीनच्या क्लस्टरमध्ये अर्धमेलं मशीन चालू राहण्यापेक्षा साफ पडलेलं बरं, दुसरं लगेच ताबा घेतं. एकट्या सर्व्हरवर मात्र ती ठेवू नये.

आता अडीच जीबी. तुमचा आकडा चुकला आहे, आणि ही चूक इतके जण करतात की ती सविस्तर सांगायलाच हवी. ओओएमच्या तक्त्यात 'टोटल_व्हीएम' (मागितलेली मेमरी) आणि 'आरएसएस' (प्रत्यक्ष रॅममधली) हे रकाने केबीत नसतात, पानांत असतात. एक पान ४ केबीचं. तुमच्या तक्त्यात जावाच्या ओळीला आरएसएस २६,२१,४४० आहे. ते केबी समजून तुम्ही अडीच जीबी काढलेत. चारने गुणा: १,०४,८५,७६० केबी, म्हणजे बरोबर १० जीबी. गोंधळ वाढतो कारण याच अहवालात पुढे येणारी 'किल्ड प्रोसेस' ही ओळ मात्र आकडे केबीत देते. तुमच्याकडे पॅनिक आधीच होत असल्याने ती ओळ उमटलीच नाही, नाहीतर फरक लगेच लक्षात आला असता.

'पॅनिक_ऑन_ओओएम' ० करा आणि जावाच्या हीपला (प्रोग्रॅमचा डेटा ठेवायच्या जागेला) '-एक्सएमएक्स' देऊन कमाल मर्यादा घाला. हीपच्या बाहेरही जावा मेमरी घेतो, तेव्हा १६ जीबीच्या मशीनवर १२ जीबीची हीप देऊन स्वस्थ बसू नका. एसएसएचसारखी सेवा वाचवायची असेल तर तिच्या सिस्टिमडी युनिटमध्ये 'ओओएमस्कोरअ‍ॅडजस्ट=-१०००' लिहिता येतं. हा आकडा -१००० ते १००० असतो, आणि -१००० म्हणजे हिला हात लावायचा नाही. काही मंडळी हीच सूट डेटाबेस, वेबसर्व्हर, जावा सगळ्यांना वाटून टाकतात. मग मारायला कुणी उरत नाही आणि पुण्याच्या वाचकांसारखा 'डेडलॉक्ड'चा प्रसंग येतो.

प्रश्न (नागपूर) : १६ जीबी रॅम, स्वॅप नाही. 'फ्री' आज्ञा ७ जीबी उपलब्ध दाखवते, तरी शेलमध्ये साधं 'एलएस' केलं तरी 'फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी'.

उत्तर : 'व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी' तपासा. ते २ असणार.

प्रोसेस मेमरी मागते तेवढी लगेच वापरत नाही. ० असताना कर्नल अंदाजाने, थोडं उदारपणे होकार देतो. १ असताना सगळ्यांनाच हो म्हणतो. २ असताना वाण्याच्या वहीसारखा कडक हिशेब ठेवतो: स्वॅप अधिक रॅमचा ठरलेला टक्का, त्यापलीकडे उधारी नाही. टक्का 'ओव्हरकमिट_रेशो'त असतो आणि मुळात ५० असतो. तुमच्याकडे स्वॅप शून्य, म्हणून सगळ्यांची मिळून वचनं ८ जीबीच्या आत बसली पाहिजेत. प्रत्यक्ष वापर ९ जीबी असो की ३, त्याच्याशी या नियमाला देणंघेणं नाही. 'प्रॉक'मधल्या 'मेमइन्फो' फाइलीत 'कमिटलिमिट' आणि 'कमिटेड_एएस' या दोन ओळी शेजारी शेजारी बघा. दुसरी पहिलीला टेकलेली दिसेल.

कडक हिशेब मुद्दाम ठेवला असेल तर टक्का ८० करा किंवा ४–८ जीबी स्वॅप जोडा. तो स्वॅप वापरला गेला नाही तरी मर्यादा वाढतेच. मुद्दाम नसेल तर सरळ ० करा. त्या मशीनवर रेडिस (मेमरीतच डेटा ठेवणारा डेटाबेस) असेल तर १ ठेवावं असं रेडिसचंच सांगणं आहे. डिस्कवर प्रत लिहिताना तो स्वतःचा फोर्क (दुसरी प्रोसेस म्हणून स्वतःची प्रत) करतो, आणि त्या क्षणी कागदावर मेमरी दुप्पट दिसते.

प्रश्न (ठाणे) : फाइल-सर्व्हरवर जंबो फ्रेम (नेटवर्कची मोठी पॅकेट, एमटीयू ९०००) चालू केल्यापासून लॉगमध्ये 'पेज अलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:३, मोड: जीएफपी_अ‍ॅटॉमिक' अशा नोंदी येतात. दोनदा मशीन पॅनिकही झालं. ८ जीबीपैकी ३ जीबी 'अव्हेलेबल' आहे. रॅम वाढवू का?

उत्तर : इतक्यात नको. तुम्ही पाठवलेली 'प्रॉक'मधल्या 'बडीइन्फो'ची ओळ इथे छापतो:

नोड ०, झोन नॉर्मल: ९१२० २८५६ ३१० ० ० ० ० ० ० ० ०

हे अकरा आकडे म्हणजे सलग मोकळ्या तुकड्यांची मोजदाद. पहिला आकडा सुट्या पानांचा (४ केबी), दुसरा जोडपानांचा (८ केबी), तिसरा चौकड्यांचा (१६ केबी), असं दुपटीने शेवटच्या ४ एमबीपर्यंत. 'ऑर्डर:३' म्हणजे आठ पानं सलग, ३२ केबी. तो चौथा रकाना, आणि तुमच्याकडे तिथे शून्य आहे. बेरीज केली तर या झोनमध्ये सुमारे ६३ एमबी मोकळे आहेत, पण सगळी चिल्लर. पाचशेची नोट हवी आहे आणि खिशात फक्त दहा-वीसची नाणी आहेत.

'अव्हेलेबल ३ जीबी'चं काय? त्यातला बराचसा भाग डिस्ककॅश आहे. तो रिकामा करता येतो, पण त्याला वेळ लागतो. 'अ‍ॅटॉमिक' मागणी वेळ देऊ शकत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर इंटरप्टच्या (हार्डवेअरच्या तातडीच्या हाकेच्या) मधोमध उभा असतो, त्याला आत्ता हवं किंवा नको.

९००० बाइटच्या फ्रेमला ३२ केबी का लागावेत? काही जुने ड्रायव्हर अशा फ्रेमसाठी १६ केबीचा बफर धरतात. त्यावर कर्नलच्या स्वतःच्या नोंदींचा थोडा भाग चढतो, १६ केबीत मावत नाही, आणि वाटप दुपटीनेच होत असल्यामुळे मागणी थेट ३२ केबीवर उडी मारते. नवे ड्रायव्हर एक फ्रेम सुट्या पानांत वाटून ठेवतात, त्यांना हा त्रास होत नाही.

मागणी नाकारली जाणं हे एरवी क्रॅशचं कारण नाही. पॅकेट पडतं, टीसीपी ते पुन्हा मागवतं. मशीन पॅनिक झालं म्हणजे 'मिळालं नाही' हे उत्तर ड्रायव्हरने तपासलं नाही आणि शून्य पत्त्यावर लिहायला गेला. पॅनिकच्या अहवालात 'नल पॉइंटर डीरेफरन्स' आणि कॉल ट्रेसमध्ये ड्रायव्हरचं नाव दिसलं तर हेच. तो ड्रायव्हरचा दोष आहे, रॅमने सुटणार नाही. कर्नल किंवा ड्रायव्हर अद्ययावत करा.

तोवर एमटीयू १५०० करून दोन दिवस बघा. नोंदी थांबल्या तर निदान पक्कं. जंबो फ्रेम हवीच असेल तर 'व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स' (कर्नलने कायम मोकळी ठेवायची मेमरी) वाढवा. तुमच्या ८ जीबीला १,३१,०७२ (म्हणजे १२८ एमबी) पुरे. हा आकडा 'थोडा जास्तच ठेवू' म्हणून वाढवत नेऊ नका. ही मेमरी सामान्य प्रोसेसना मिळत नाही. रॅमच्या ५ टक्क्यांपलीकडे गेलात तर बनावट टंचाई तयार होते आणि ओओएम किलर विनाकारण जागा होतो. तात्पुरतं तुकडे जुळवून घ्यायचे असतील तर 'प्रॉक/सिस/व्हीएम/कॉम्पॅक्ट_मेमरी'मध्ये १ लिहा आणि बडीइन्फो पुन्हा बघा. चौथ्या रकान्यात आकडे उगवलेले दिसतील. काही तासांनी ते पुन्हा विरतात, म्हणून हा इलाज नव्हे, चाचणी.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : ९६ जीबीचा सर्व्हर. कर्नल क्रॅश झाला की डम्प (त्या क्षणाच्या मेमरीची प्रत) मिळावा म्हणून केडम्प लावला, पण व्हार/क्रॅश फोल्डर रिकामंच राहतं. क्रॅशनंतर दुसरा कर्नल सुरू होताना दिसतो आणि तोही ओओएम होऊन मरतो.

उत्तर : पंचनाम्याला आलेला हवालदारच चक्कर येऊन पडला, असा प्रकार. केडम्पमध्ये क्रॅशच्या क्षणी दुसरा छोटा कर्नल सुरू होतो, पण त्याला ९६ जीबी मिळत नाहीत. 'क्रॅशकर्नल=' या बूट पॅरामीटरने आधी राखून ठेवलेल्या कोपऱ्यातच त्याला सगळा संसार मांडावा लागतो: कर्नल, इनिटरॅमएफएस, डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर, मल्टिपाथ (डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणारा भाग), नेटवर्कवर डम्प पाठवायचा असेल तर तोही ड्रायव्हर. तुमच्या ओळीत 'क्रॅशकर्नल=१२८एम' आहे. रेड हॅट एन्टरप्राइझ लिनक्स ९ची नेहमीच्या ६४ बिटी मशीनवरची मूळ सेटिंग बघा: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, ६४ जीबीच्या वर ५१२ एमबी.

'ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्ज="क्रॅशकर्नल=५१२एम"' द्या आणि रीबूट करा. मग 'सिस/कर्नल/केक्झेक_क्रॅश_साइझ' वाचा. ५३६८७०९१२ यायला हवं. ० आलं तर राखीव जागा मिळालीच नाही, बूटच्या लॉगमध्ये 'क्रॅशकर्नल' शोधा. 'केडम्पसीटीएल एस्टिमेट' ही आज्ञा तुमच्या मशीनला किती लागेल ते सुचवते.

नंतर चाचणी घ्याच. आधी 'सिंक' करा, सगळ्यांना कळवून, कामाची वेळ टाळून 'प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर'मध्ये 'सी' हे अक्षर लिहा. मशीन खरोखर क्रॅश होईल, तेव्हा ही आज्ञा इतिहासातून बाणाच्या बटणाने चुकून पुन्हा येणार नाही याची काळजी घ्या. डम्प लिहिणाऱ्या 'मेकडम्पफाइल' आज्ञेला '-डी ३१' असेल तर रिकामी पानं, कॅश आणि प्रोसेसचा डेटा वगळून फक्त कर्नलची पानं लिहिली जातात. ९६ जीबीचा डम्प त्यामुळे आटोक्यात राहतो.

प्रश्न (कोल्हापूर) : संस्थेतल्या जुन्या मशीनवर फ्रीबीएसडी ७.२ ही ऑपरेटिंग सिस्टिम (३२ बिटी), २ जीबी रॅम आणि झेडएफएस ही फाइल-सिस्टिम आहे. मोठी कॉपी सुरू केली की 'पॅनिक: केमेम_मॅलॉक(१३१०७२): केमेम_मॅप टू स्मॉल: ३३५४५०११२ टोटल अलोकेटेड'. निम्मी रॅम तर मोकळी असते.

उत्तर : हा पॅनिक त्या काळात इतका सर्रास होता की झेडएफएस लावणाऱ्यांना तो पाठच असे. आकडे नुसते वाचा, सगळं कळतं. १३१०७२ बाइट म्हणजे १२८ केबी, झेडएफएसच्या नेहमीच्या मोठ्या ब्लॉकचा आकार. तुमच्या कर्नलच्या वाटपाची कमाल मर्यादा ३२० एमबी, म्हणजे ३३,५५,४४,३२० बाइट. त्यातून वाटलेले ३३,५४,५०,११२ वजा करा: उरतात ९४,२०८, म्हणजे ९२ केबी. मागितले १२८, शिल्लक ९२. पॅनिक.

रॅमशी याचा संबंध नाही. ३२ बिटी रचनेत पत्त्यांची जागाच एकूण ४ जीबी, त्यातली १ जीबी कर्नलची, आणि त्या १ जीबीतला केमेमचा (कर्नलच्या स्वतःच्या वाटपाच्या मेमरीचा) वाटा ३२० एमबी. झेडएफएसचा एआरसी हा कॅश याच वाट्यातून जेवतो, आणि त्याची भूक ६४ बिटी मशीन डोळ्यांसमोर ठेवून ठरलेली आहे.

बूट/लोडर.कॉन्फमध्ये 'व्हीएम.केमेम_साइझ' आणि 'व्हीएम.केमेम_साइझ_मॅक्स' दोन्ही ५१२एम आणि 'व्हीएफएस.झेडएफएस.एआरसी_मॅक्स' १६०एम करून बघा. ५१२च्या वर जायचं तर कर्नल 'केव्हीए_पेजेस=५१२' या पर्यायाने पुन्हा कंपाइल करावा लागतो. मूळ आकडा २५६ म्हणजे १ जीबी, ५१२ म्हणजे कर्नलला २ जीबी. कंपाइल न करताच मोठा आकडा टाकलात तर मशीन बूटलाच पडेल. तसं झालं तर बूट मेनूतून लोडरच्या प्रॉम्प्टवर उतरा, 'सेट'ने तिन्ही किमती कमी करा आणि 'बूट' द्या.

खरा सल्ला वेगळा आहे. प्रोसेसर ६४ बिटी असेल तर एवढी खटपट करू नका. बॅकअप घ्या, आज सांभाळली जाणारी एएमडी६४ (६४ बिटी) आवृत्ती दुसऱ्या डिस्कवर बसवा आणि 'झेडपूल इम्पोर्ट' करा, जुना पूल (झेडएफएसच्या डिस्कचा गट) जसाच्या तसा उचलला जातो. 'झेडपूल अपग्रेड' मात्र घाईने करू नका. एकदा केलं की जुन्या फ्रीबीएसडीला तो पूल वाचता येत नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : डॉकरमधलं (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालणारं) अ‍ॅप १३७ कोड देऊन बंद पडतं. कर्नल क्रॅश होतोय का?

उत्तर : नाही. १२८ अधिक ९, म्हणजे कुणीतरी नववा सिग्नल देऊन प्रोसेस मारली. बहुधा कंटेनरची स्वतःची मेमरी मर्यादा. सीग्रुप (प्रोसेसच्या गटांना मर्यादा घालणारी कर्नलची सोय) आवृत्ती २ मध्ये त्या कंटेनरच्या 'मेमरी.इव्हेंट्स' फाइलीत 'ओओएम_किल' शून्याहून मोठा दिसला तर खात्री. तो शून्यच असेल तर 'डॉकर स्टॉप'ने दहा सेकंद वाट पाहून मारलं असण्याची शक्यता जास्त, तेव्हा अ‍ॅप बंद होण्याचा सिग्नल ऐकतं का ते पाहा.

प्रश्न (पणजी) : विंडोज सर्व्हर हळूहळू जड होतो, इव्हेंट लॉगमध्ये २०१९ क्रमांकाची नोंद येते आणि शेवटी निळा पडदा. टास्क मॅनेजरमध्ये कुठलीच प्रोसेस मोठी दिसत नाही.

उत्तर : २०१९ म्हणजे नॉनपेज्ड पूल संपला. ही ड्रायव्हरांची मेमरी, डिस्कवर न जाणारी, म्हणून प्रोसेसच्या यादीत शोधून उपयोग नाही. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'खाली 'नॉन-पेज्ड पूल' हा आकडा सकाळी आणि संध्याकाळी लिहून ठेवा. रोज चढतच गेला आणि रीबूटशिवाय उतरला नाही तर कुठला तरी ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत करत नाही.

कोणता ते पूलमॉन हे साधन सांगतं. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमध्ये ते मिळतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, 'पी' दाबत फक्त नॉनपेज्ड रांगेवर या, 'बी' दाबून बाइटच्या क्रमाने लावा. वरच्या टॅगचा (ड्रायव्हर आपल्या मेमरीला लावतो त्या खुणेचा) 'डिफ' (घेतले वजा परत केले) वाढतच असेल तर तो चार अक्षरी टॅग टिपून घ्या. मग सिस्टिम३२ खालच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये 'फाइंडएसटीआर /एम /एल टॅग *.सिस' चालवलं की तो टॅग असलेल्या फाइलींची नावं येतात. अँटिव्हायरस, बॅकअप आणि जुने नेटवर्क ड्रायव्हर यांच्याकडे आधी बघावं. रॅम वाढवली तर निळा पडदा मंगळवारऐवजी शुक्रवारी येईल, एवढाच फरक.

प्रश्न (सातारा) : मर्यादा ओलांडली की रॅमची पट्टीच खराब आहे, हे बाहेरून कसं ओळखायचं?

उत्तर : मर्यादेचा क्रॅश हट्टी असतो: तेच काम, साधारण तोच टप्पा, तोच संदेश. खराब पट्टीचा क्रॅश लहरी असतो. आज 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट', उद्या 'बॅड पेज स्टेट', परवा फाइल-सिस्टिमची चेकसम चूक, आणि कॉल ट्रेसमध्ये दर वेळी वेगळंच नाव. शंका असेल तर मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवा, एका फेरीवर थांबू नका. एकही लाल ओळ आली तर पट्ट्या एकेक करून तपासा, आणि पट्टी फेकण्याआधी तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. काही वेळा पट्टी निर्दोष असते आणि स्लॉटमध्ये धूळ निघते.